शिंगरांमधील संधिगत तरुणास्थिविकृती : संप्राप्तीचा अभ्यास

प्रास्ताविक

आयुर्वेदाचा अधिकार मनुष्यापुरता मर्यादित नाही. शालिहोत्र, नकुल आणि जयदत्त या आचार्यांच्या नावांवर अश्ववैद्यकाची स्वतंत्र परंपरा उभी आहे. जयदत्ताचा ‘अश्ववैद्यक’ हा ग्रंथ एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीने छापला, तर नकुलाच्या नावावरील ‘अश्वशास्त्र’ १९५२ मध्ये तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयाने प्रसिद्ध केले. चरकसंहितेच्या सिद्धिस्थानात हत्ती, उंट, गाय, घोडा यांच्या बस्तीचाही विचार आलेला आहे. घोड्याच्या वैद्याला पूर्वी सालोत्री म्हणत, त्या शब्दात शालिहोत्रांचेच नाव लपलेले आहे.

महाराष्ट्रात अश्वपालन आजही जिवंत आहे. नंदुरबार जिल्ह्यातील सारंगखेडा येथे तापीच्या काठी दत्तजयंतीला भरणारी यात्रा घोड्यांच्या बाजारासाठी प्रसिद्ध आहे. पुण्याच्या परिसरात शर्यतीच्या घोड्यांची पैदास होते. भीमेच्या खोऱ्यातील भीमथडी घोड्याचे नाव मराठ्यांच्या पागेशी जोडलेले आहे. नाशिकसारख्या ठिकाणी व्यवसाय करणाऱ्या वैद्यासमोर म्हणूनच अधूनमधून एक प्रश्न येतो. ‘शिंगरू चांगले भरले आहे, दाणा उत्तम आहे, पण मागच्या पायाच्या सांध्यात पाणी भरले आहे. दुखत फारसे नाही, थोडे लंगडते. एखादे तेल सांगा.’

या प्रश्नावर तेलाचे नाव सांगणे सोपे असते. परंतु येथे जी व्याधी संभवते तिची संप्राप्ती समजून घेतली, तर तेल सांगण्याची वेळ येण्यापूर्वीच व्याधीचा बराचसा इतिहास घडून गेलेला असतो, हे ध्यानात येते. आधुनिक पशुवैद्यकात या व्याधीला ऑस्टिओकाँड्रोसिस म्हणतात. तिची उत्पत्ती कशी होते, आयुर्वेदीय परिभाषेच्या साहाय्याने ती कितपत आकळते, आणि त्या परिभाषेची मर्यादा कोठे येते, याचा विचार प्रस्तुत लेखात आम्ही करीत आहोत.

शारीर

सुश्रुतांनी अस्थींचे कपाल, रुचक, तरुण, वलय व नलक असे पाच प्रकार सांगितले. नाक, कान, ग्रीवा व नेत्रकोश या ठिकाणी त्यांनी तरुणास्थी मानल्या. सुश्रुतांनी मोजलेल्या ३०० अस्थींमध्ये या तरुणास्थींचाही समावेश आहे. सांध्याच्या पृष्ठभागावरील कूर्चेचा या यादीत निर्देश नाही, ही गोष्ट प्रारंभीच स्पष्ट केली पाहिजे. तथापि जी अस्थी अद्याप ‘तरुण’ आहे, मृदू आहे, लवचीक आहे, ती तरुणास्थी, हा शब्दार्थ शिंगराच्या सांध्याला नेमका लागू पडतो. या लेखात तरुणास्थी हा शब्द आम्ही त्याच अर्थाने वापरला आहे.

शिंगरू जन्मते तेव्हा त्याच्या लांब हाडांची टोके पूर्णपणे हाड झालेली नसतात. मध्यभागी अस्थीचे केंद्र असते आणि त्याभोवती तरुणास्थीचे जाड आवरण असते. या आवरणाचे दोन थर कल्पावेत. सांध्याकडील पातळ थर जन्मभर तरुणास्थीच राहतो आणि घर्षणाविना हालचाल घडवितो. त्याखालील जाड थर हा वाढीचा थर होय. त्यातील पेशी वाढतात, फुगतात, त्यांच्या भोवती क्षार साठतात आणि शेवटी तेथे अस्थी तयार होते. अस्थीची सीमा अशा रीतीने आतून बाहेर सरकत जाते. शेताची मशागत करीत पुढे जावे, तशी ही सीमा दिवसेंदिवस पुढे जाते.

या दोन थरांचे पोषण एकाच मार्गाने होत नाही, आणि संप्राप्तीचे मर्म नेमके येथेच आहे. पृष्ठभागावरील पातळ थराला रक्तवाहिन्या नसतात. सांध्यातील स्निग्ध द्रव पाझरून त्याचे पोषण होते. गर्भाच्या पोषणाच्या संदर्भात आचार्यांनी जो उपस्नेह सांगितला, त्याची येथे आठवण होते. श्लेषक कफ सांध्यांना वंगण घातलेल्या आसाप्रमाणे सुरळीत ठेवतो, हे वर्णनही येथे लागू पडते. खालचा जाड थर मात्र केवळ पाझरण्यावर जगू शकत नाही. त्याच्यासाठी तरुणास्थीतून बारीक नलिका जातात आणि प्रत्येक नलिकेतून सूक्ष्म रक्तवाहिन्या वाहतात. येथे केदारीकुल्या न्याय लागू होतो. गिरणा किंवा गोदावरीच्या कालव्याखाली शेती करणाऱ्याला हा न्याय समजावून सांगावा लागत नाही. पाट वाहता असेल तोवर वाफा हिरवा राहतो, पाट तुटला की त्याच्यापुढचा वाफा वाळतो.

या नलिका कायमच्या नसतात. शिंगरू वाढते तसतसा जाड थर पातळ होतो आणि नलिका क्रमाक्रमाने बुजून नाहीशा होतात. सांध्यानुसार हा काळ काही आठवड्यांपासून सुमारे सात महिन्यांपर्यंत असतो. या व्याधीचे बीज याच काळात पडते.

संप्राप्ती

अस्थीची सीमा पुढे सरकत असताना ती या नलिकांनाही गाठते. ज्या वाहिनीचा उगम पूर्वी तरुणास्थीच्या कडेला होता, तिचा काही भाग आता कठीण अस्थीत आणि काही भाग मृदू तरुणास्थीत येतो. मऊ आणि कठीण यांच्या संधीवर असलेली ही वाहिनी दुर्बल ठरते. वाढीच्या ओघात किंवा भाराच्या ताणाने ती याच ठिकाणी तुटते वा बंद पडते. तिच्यापुढील तरुणास्थीचा तुकडा रक्ताविना राहतो आणि त्यातील पेशी मरतात.

मृत तरुणास्थीत क्षार साठत नाहीत, त्यामुळे तेथे अस्थी होत नाही. आजूबाजूची सीमा मात्र पुढे जातच राहते. परिणामी नव्या अस्थीच्या पोटात न पिकलेल्या तरुणास्थीचा एक कप्पा अडकून राहतो. भिंत बांधताना मध्येच एका ठिकाणी ओली माती राहून जावी, तसा हा प्रकार आहे. वरून भिंत अखंड दिसते, परंतु भार आला की त्याच जागी भेग पडते. शिंगरू दौडू लागते तेव्हा या दुर्बल जागेवरील आवरणाला चीर जाते, एखादी कपची उचलली जाते किंवा सुटून सांध्यात फिरू लागते. या शेवटच्या अवस्थेला ऑस्टिओकाँड्रायटिस डिसेकन्स म्हणतात. हे नाव जर्मन शल्यविशारद फ्रान्झ क्योनिग यांनी १८८८ मध्ये मनुष्याच्या सांध्यातील सुट्या तुकड्यांसंबंधी लिहिताना योजिले. त्यांना मुळाशी शोथ असावा असे वाटले, म्हणून नावात ‘आयटिस’ आले. मूळ विकृती शोथाची नाही, हे पुढे कळले, तरी नाव टिकून राहिले.

रक्तपुरवठ्याचा हा विचार प्रयोगाने तपासला गेला आहे. प्रथम डुकरांच्या पिलांमध्ये नलिकांतील वाहिन्या शस्त्राने छेदल्या असता तशीच विकृती निर्माण झाली. पुढे नॉर्वेतील संशोधकांनी शिंगरांच्या गुडघ्याच्या सांध्यात हाच प्रयोग केला आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निष्कर्षांत वाहिनी छेदल्यावर मृत तरुणास्थी, त्यानंतर अडकलेला कप्पा व शेवटी सुटा तुकडा, हा संपूर्ण क्रम दाखविला. त्यामुळे रक्तपुरवठा तुटणे ही या व्याधीच्या मुळाशी असलेली घटना आहे, असे मानण्यास आता भक्कम आधार आहे.

ही विकृती कोठेही होत नाही. मागील पायाचा हॉक नावाचा सांधा, त्याच पायाचा गुडघ्यासारखा स्टायफल नावाचा सांधा आणि खुराच्या वरचा फेटलॉक नावाचा सांधा, ही तिची प्रमुख स्थाने होत. हॉकमध्ये पायाच्या मोठ्या हाडाच्या खालच्या टोकावरील मधला उंचवटा आणि स्टायफलमध्ये मांडीच्या हाडाच्या खालच्या टोकाचा बाहेरील कंगोरा, या जागा विशेष ग्रस्त होतात. बहुधा डावा व उजवा असे दोन्ही सांधे एकाच वेळी बाधित असतात, म्हणून एका बाजूला विकृती आढळल्यास दुसरी बाजू तपासलीच पाहिजे.

षट्क्रियाकाल व ही व्याधी

सुश्रुतांनी वर्णिलेल्या संचय, प्रकोप, प्रसर, स्थानसंश्रय, व्यक्ती व भेद या सहा अवस्थांशी वरील क्रम ताडून पाहणे उद्बोधक ठरते. स्थानसंश्रयासाठी स्रोतसात ख-वैगुण्य असावे लागते. येथे ते ख-वैगुण्य दुसरे कोणतेही नसून अस्थीच्या सीमेवर आलेली दुर्बल वाहिनी होय. अनेक शिंगरांना सारखेच हेतू घडतात, परंतु व्याधी विशिष्ट सांध्यातील विशिष्ट कंगोऱ्यावरच का होते, याचे उत्तर या कल्पनेत मिळते. पेशी मृत होऊन कप्पा अडकणे ही स्थानसंश्रयाची अवस्था मानता येईल. सांध्यात द्रव भरणे ही व्यक्ती, आणि कपची सुटणे हा भेद.

या तुलनेचा उपयोग व्यवहारात होतो. अश्वपालक आपल्याकडे व्यक्तीच्या किंवा भेदाच्या अवस्थेत येतो. त्यापूर्वीच्या अवस्था शिंगराच्या पहिल्या काही महिन्यांत, तेही निरोगी दिसत असताना, उलटून गेलेल्या असतात. नेदरलँड्समध्ये १९९० च्या दशकात ४३ शिंगरांचे पहिल्या महिन्यापासून दरमहा एक्स-रे काढून निरीक्षण करण्यात आले. हॉकमध्ये पहिल्या महिन्यातच अनेकांत विकृतीची चिन्हे दिसली, परंतु त्यांतील बरीचशी पाचव्या महिन्यापर्यंत आपोआप भरून आली. स्टायफलमध्ये ती तिसऱ्या-चौथ्या महिन्यापासून दिसू लागली आणि आठव्या महिन्यापर्यंत तिचा निकाल लागला. त्या वयानंतर जी विकृती राहिली ती सामान्यतः कायम राहिली.

फाल्गुन-चैत्रात जन्मलेले शिंगरू मार्गशीर्षात सारंगखेड्याच्या बाजारात उभे राहते, तेव्हा ते सुमारे नऊ महिन्यांचे असते. म्हणजे त्याच्या हॉकचा व स्टायफलचा निर्णय तोवर होऊन गेलेला असतो. बाजारात खरेदी करणाऱ्याने चाल, रंग व भोवरे पाहावेत, पण सांध्यांवरून हात फिरविण्यास विसरू नये, आणि किंमत मोठी असेल तर पशुवैद्याकडून एक्स-रे काढून घ्यावा.

हेतू

एकच हेतू या व्याधीस कारणीभूत नाही. पुढील हेतू एकत्र येतात.

बीज व शरीरप्रमाण : कुलपरंपरेचा वाटा अल्प ते मध्यम आहे, तो अनेक जनुकांत विभागलेला आहे आणि जातीनुसार बदलतो. बीज व बीजभागाच्या दुष्टीचा आचार्यांनी केलेला विचार येथे स्मरणीय ठरतो. युरोपातील स्टँडर्डब्रेड व वॉर्मब्लड या जातींच्या अनेक पाहण्यांत १० ते ३० टक्के घोड्यांत कोणत्या ना कोणत्या सांध्यात ही विकृती आढळली आहे. लहान पोनी जातींत ती क्वचित दिसते आणि मुक्त रानटी कळपांतही अल्प आढळली आहे. शरीर मोठे, वाढ वेगवान आणि निवड माणसाने केलेली, तेथे व्याधी अधिक, असा याचा अर्थ होतो. नेदरलँड्समध्ये पैदाशीच्या नरांचे सांधे एक्स-रेने तपासून मगच त्यांना मान्यता देण्याची पद्धत आहे.

वाढीचा वेग : थरोब्रेड जातीचे शिंगरू सहा महिन्यांत प्रौढ वजनाच्या सुमारे ४५ टक्के व प्रौढ उंचीच्या ८० टक्क्यांहून अधिक होते. मनुष्याच्या बालकाला जे अनेक वर्षांत साधायचे ते येथे अर्ध्या वर्षात घडते. सीमा जितकी वेगाने सरकेल, तितक्या अधिक वाहिन्या थोड्या काळात धोक्याच्या जागी येतील.

आहार : वेगवान वाढीला खतपाणी घालणारा आहार हा आपल्या हातात असलेला सर्वांत मोठा हेतू आहे. ऑस्ट्रेलियात १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत गरजेच्या सुमारे १२९ टक्के ऊर्जा दिलेल्या शिंगरांत तरुणास्थीच्या विकृती वाढल्या. फॉस्फरस गरजेच्या जवळजवळ चौपट दिला तेव्हाही असेच घडले. केवळ कॅल्शियम वाढविल्याने मात्र ती वाढ दिसली नाही. पिष्टमय दाणा एकदम मोठ्या प्रमाणात दिल्यास रक्तशर्करा व इन्सुलिन उसळते आणि त्याचा परिणाम तरुणास्थीच्या पेशींच्या परिपक्वतेवर होत असावा, असा तर्क आहे.

आपल्याकडील चंदीचा विचार येथे केला पाहिजे. हरभरा, जव आणि गव्हाचा कोंडा ही आपल्या पागेतील परंपरागत चंदी. कोंड्यात कॅल्शियमच्या सुमारे आठ ते दहा पट फॉस्फरस असतो. यात्रेसाठी शिंगरू ‘भरून’ दिसावे म्हणून गूळ, दाणा आणि कोंडा यांचा मारा केला, तर ऊर्जा व फॉस्फरस हे दोन्ही हेतू एकत्र येतात. लसूणघासात याउलट कॅल्शियम भरपूर असते. कोंडा कमी करून हिरवा लसूणघास व चांगली वाळलेली वैरण दिल्यास हे असंतुलन बरेच सावरते.

ताम्र : तरुणास्थीतील कोलॅजन तंतू एकमेकांत गुंफण्यासाठी ताम्राची गरज असते. घोडीच्या दुधात ताम्र अत्यल्प असते, म्हणून गर्भावस्थेच्या शेवटच्या महिन्यांत शिंगरू आपल्या यकृतात त्याचा साठा करून घेते. न्यूझीलंडमधील १९९८ च्या अभ्यासात गाभण घोडीला शेवटच्या काळात ताम्र दिल्यावर तिच्या शिंगरांत तरुणास्थीच्या विकृती कमी आढळल्या. जन्मल्यानंतर शिंगराला ताम्र देण्याचा असा ठळक लाभ दिसला नाही. यकृतातील साठा व्याधी रोखण्यापेक्षा झालेली विकृती भरून येण्यास साहाय्य करतो, असे मत पुढे आले. जस्त अतिमात्रेत पोटात गेल्यास ताम्राचे शोषण अडते, हेही लक्षात ठेवावे.

वैद्यांनी यावरून ताम्रभस्माकडे धाव घेऊ नये. गाभण घोडीच्या समतोल आहारातील ताम्र आणि शिंगराच्या मुखात टाकलेले भस्म यांची तुलना होऊ शकत नाही. आचार्यांनी गर्भिणी परिचर्येला मासानुमासिक क्रम दिला, त्यामागील दृष्टी मात्र येथे पूर्णपणे सार्थ ठरते. घोडीचा गर्भकाल सुमारे अकरा महिन्यांचा असतो आणि शिंगराच्या सांध्याची काळजी त्यातील शेवटच्या तिमाहीत सुरू होते.

व्यायाम : अस्थिवह स्रोतसाच्या दुष्टीची कारणे सांगताना चरकांनी अतिव्यायाम, अतिसंक्षोभ व अस्थींचे परस्पर घर्षण यांचा उल्लेख केला आहे. वर उल्लेखिलेल्या नेदरलँड्समधील अभ्यासात शिंगरांचे तीन गट होते. एक गट कुरणात मोकळा, दुसरा बंद खणात, तिसरा बंद खणात ठेवून रोज थोडा वेळ जोरात पळविलेला. विकृतींची एकूण संख्या तिन्ही गटांत फारशी वेगळी नव्हती. परंतु सांध्यांच्या एकंदर जडणघडणीला कुरणातील मोकळी हालचाल सर्वांत हितकर ठरली. अव्यायाम व अतिव्यायाम हे दोन्ही टोकाचे मार्ग टाळावेत, एवढा बोध यातून निश्चित घेता येतो. नाचविण्याचे शिक्षण देण्यासाठी किंवा स्वारीसाठी लहान वयात शिंगराला जुंपणे त्यामुळे वर्ज्य मानावे.

पूर्वरूप व रूप

पूर्वरूप जवळजवळ नसतेच. शिंगरू अधिक काळ पडून राहते किंवा कळपात मागे राहते, एवढेच कधी जाणवते. रूपांत सांध्यात द्रव भरणे हे प्रधान लक्षण होय. सूज मऊ असते, स्पर्शाला उष्ण नसते आणि दाबल्यावर वेदना अल्प असते. लंगडणे सौम्य असते किंवा नसतेही. स्टायफलमध्ये विकृती मोठी असल्यास चाल ताठर होते. काही घोड्यांत पहिले लक्षण शर्यतीचे किंवा स्वारीचे शिक्षण सुरू झाल्यावरच दिसते. पुष्कळांमध्ये व्याधी केवळ एक्स-रेमध्येच सापडते.

सापेक्षनिदान

या भागाकडे वैद्यबंधु-भगिनींनी विशेष लक्ष द्यावे, अशी आमची विनंती आहे.

१. सांध्यातील जंतुसंसर्ग : काही दिवसांच्या वा आठवड्यांच्या शिंगरात सांधा सुजलेला, उष्ण व अतिशय वेदनायुक्त असेल, ताप असेल, शिंगरू पाय टेकवीत नसेल, नाळ ओली किंवा सुजलेली असेल, तर ही आपत्कालीन अवस्था समजावी. नाळेतून किंवा अन्य मार्गाने रक्तात शिरलेले जंतू सांध्यात व तरुणास्थीतील त्याच नलिकांत जाऊन बसतात. येथे काही तासांचा विलंबही सांधा कायमचा घालवू शकतो. लेप, शेक किंवा तेल लावण्यात वेळ न दवडता शिंगरू तत्काळ पशुवैद्याकडे पोहोचवावे.

२. अभिघात : लाथ, पडणे किंवा दोरीत पाय अडकणे यांचा इतिहास घ्यावा. सूज बहुधा एकाच बाजूस असते.

३. वाढीच्या पट्ट्याची सूज : ही सांध्यात नसून सांध्याच्या थोडी वर, हाडाच्या टोकाशी असते. पुढच्या पायाच्या मनगटासारख्या सांध्यावर ती डमरूच्या आकारासारखी दिसते. हेतू पुष्कळसे समान असले तरी स्थान वेगळे असते.

४. संधिगतवात : सांध्यातील द्रव व लंगडणे पाहून या व्याधीस संधिगतवात म्हणण्याचा मोह होतो. अस्थी व वायू यांचा आश्रयाश्रयी संबंध वाग्भटांनी सांगितला आहे, आणि वृद्ध घोड्याच्या झिजलेल्या सांध्याला ते निदान शोभते. शिंगरात धातुक्षय नाही. येथे धातू वेगाने वाढत आहेत आणि वाढीतच पोषणाचा एक पाट तुटला आहे. बृंहण करावयाचे म्हणून अधिक पौष्टिक चंदी सुचविली, तर हेतूचीच सेवा घडेल. निदानातील एका शब्दाची चूक शिंगराच्या खाण्यात नेमकी उलट दिशा देते, म्हणून हा भेद केवळ शाब्दिक मानू नये.

साध्यासाध्यत्व

लहान विकृती पाच ते आठ महिन्यांच्या मर्यादेत स्वतःहून भरून येऊ शकते, ती सुखसाध्य म्हणावी. हॉकमधील सुटी कपची दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेने काढल्यास बहुतेक घोडे कामास योग्य होतात. स्टायफलमधील विस्तृत विकृती कष्टसाध्य असते, आणि विकृती जितकी मोठी तितका परिणाम अनिश्चित. दीर्घकाळ दुर्लक्षित राहिलेल्या सांध्यात पृष्ठभाग झिजून कायमचा संधिविकार जडतो, तो याप्य समजावा.

चिकित्सा व वैद्याची मर्यादा

सुटलेली कपची कोणत्याही गुग्गुळकल्पाने जागेवर बसत नाही, हे निःसंदिग्धपणे सांगितले पाहिजे. निश्चिती एक्स-रेने होते, शस्त्रकर्माचा निर्णय पशुशल्यविशारद घेतात. भारतीय पशुवैद्यक परिषद अधिनियम, १९८४ नुसार पशुवैद्यकीय व्यवसाय हा नोंदणीकृत पशुवैद्यांचा अधिकार आहे. मुंबईत परळ येथील पशुवैद्यकीय महाविद्यालय १८८६ पासून कार्यरत आहे, सातारा जिल्ह्यातील शिरवळ येथेही शासकीय पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. आपल्या भागातील पशुवैद्यांशी संबंध ठेवून योग्य वेळी पाठवणी करणे हेच वैद्याचे पहिले कर्तव्य होय. वेदना दडपून बाजारात उभे केलेले शिंगरू घेणाऱ्याची फसवणूक होते, आणि त्याहून अधिक त्या मुक्या जिवाचा छळ होतो, याची जाणीवही अश्वपालकाला करून द्यावी.

तथापि निदानपरिवर्जन हे चिकित्सेचे पहिले अंग असेल, तर वैद्याला सांगण्यासारखे पुष्कळ आहे. अश्वपालकांना आम्ही पुढील गोष्टी सुचवितो.

१. ज्या नराला किंवा मादीला स्वतःला ही विकृती झाली असेल, त्यांची जोडी लावू नये.

२. गाभण घोडीला शेवटच्या तिमाहीत समतोल क्षार व खनिजयुक्त आहार पशुवैद्याच्या सल्ल्याने द्यावा, पण तिला स्थूल होऊ देऊ नये.

३. शिंगराचे वजन व उंची दर पंधरवड्यास नोंदवावी. वाढ सलग व मध्यम गतीची असावी. काही आठवडे उपासमार व नंतर भरपूर खाऊ घालणे, हा क्रम अपायकारक आहे.

४. दाणा दिवसातून दोन-तीन वेळा विभागून द्यावा. कोंड्याचे प्रमाण अल्प ठेवावे. वैरण सदैव समोर असावी.

५. शिंगराला आईबरोबर मोकळ्या जागेत हिंडू द्यावे. खुंट्याला बांधून ठेवणे व एकदम दौडविणे, दोन्ही टाळावे.

६. पाचव्या-सहाव्या महिन्यात एकदा व आठव्या महिन्यानंतर पुन्हा पशुवैद्याकडून सांध्यांची तपासणी करावी. सांध्यात द्रव दिसल्यास वाट पाहू नये.

मनुष्यचिकित्सेच्या दृष्टीने

आपल्यापैकी बहुतेक जण मनुष्याचीच चिकित्सा करतात, म्हणून हा विषय दूरचा वाटण्याचा संभव आहे. परंतु क्योनिग यांनी नाव दिले ते मनुष्याच्याच व्याधीला. दहा ते पंधरा वर्षांच्या मुलामुलींच्या गुडघ्यात, विशेषतः मांडीच्या हाडाच्या आतील गोलव्यावर, तसेच कोपर व घोट्यात हीच व्याधी होते. नॉर्वेतील शिंगरांवरील प्रयोग मनुष्याच्या या बालव्याधीसाठीही प्रतिमान ठरू शकेल, असे संशोधकांनी सुचविले आहे.

नाशिक जिल्ह्याने कविता राऊत यांच्यासारखे लांब पल्ल्याचे धावपटू दिले. त्यांच्यापासून स्फूर्ती घेऊन आज अनेक मुले लहान वयातच मैदानावर उतरतात, ही आनंदाची गोष्ट आहे. अशा एखाद्या मुलाचा गुडघा सरावानंतर वारंवार सुजत असेल, मध्येच अडकत असेल किंवा वेदना एका ठरावीक बिंदूवर असेल, तर ‘वाढीचे दुखणे’ म्हणून तेल लावून परत पाठवू नये. वाढीचे दुखणे सांध्यात सूज आणत नाही. एक्स-रे व आवश्यक तेथे एमआरआय करून अस्थिरोगतज्ज्ञांचे मत घ्यावे. वाढीचे पट्टे उघडे असलेल्या वयात तुकडा स्थिर असेल, तर काही महिने धावणे-उड्या मारणे थांबविल्याने पुष्कळ मुलांची विकृती भरून येते. तुकडा सुटल्यावर मात्र शस्त्रकर्माचाच मार्ग उरतो. वेळेवर ओळखणे आणि उशिरा ओळखणे यांतील अंतर त्या मुलाच्या पुढील सर्व वर्षांच्या चालण्या-धावण्याएवढे असते.

उपसंहार

संप्राप्तीचे विघटन म्हणजे चिकित्सा, हे सूत्र आपण सर्व जण मानतो. शिंगराच्या या व्याधीत संप्राप्ती डोळ्यांना दिसत नाही. ती पहिल्या काही महिन्यांत, जाड तरुणास्थीच्या पोटात, एका सूक्ष्म वाहिनीच्या तुटण्याने सुरू होते. सांध्यात द्रव दिसतो तेव्हा तिचे बहुतेक टप्पे पूर्ण झालेले असतात. म्हणून चिकित्सेचा खरा काल घोडीच्या गर्भावस्थेपासून शिंगराच्या आठव्या महिन्यापर्यंतचा आहे, आणि तिचे स्थान औषधालयापेक्षा पागेत, चंदीच्या तोबऱ्यात व मोकळ्या कुरणात आहे. येत्या हंगामात आपल्या परिसरातील अश्वपालकांशी बोलताना वैद्यबंधु-भगिनींनी प्रथम गाभण घोडी काय खाते, शिंगरू किती वेगाने वाढते आणि ते दिवसातून किती वेळ मोकळे असते, हे तीन प्रश्न विचारावेत. तेलाचा प्रश्न त्यानंतरचा.